फोबजिखाच्या खोऱ्यात डिसेंबरची सुट्टी: भूतानला पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

नाताळच्या सुट्टीत भूतानला जायचे ठरले की बहुतेक मराठी कुटुंबे पारो आणि थिंपू पाहून पाचव्या दिवशी परत फिरतात. मध्य भूतानातील फोबजिखाचे खोरे त्यांच्या यादीत सहसा नसते, कारण ते सुमारे २,९०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या थंडीविषयी पुष्कळ सांगोवांगी ऐकलेले असते. आम्ही दोन हिवाळे तिथे राहिलो. पहिल्या वेळी तयारी चुकली, त्यामुळे हाल झाले. दुसऱ्या वेळी घरातील आठ वर्षांच्या मुलीपासून एकाहत्तर वर्षांच्या आईपर्यंत सर्वांनी ते तीन दिवस मनापासून उपभोगले. दोन्ही वेळा खोरे तेच होते आणि थंडीही तेवढीच होती. फरक पडला तो मुक्कामांचा क्रम, खोलीची निवड आणि कागदपत्रे या तीन गोष्टींमुळे. म्हणून या लेखात प्रेक्षणीय स्थळांपेक्षा या तीन गोष्टींवर अधिक भर दिला आहे.

१. आधी मुक्कामांचा क्रम ठरवा, तारखा नंतर

भूतानच्या हिवाळ्यात डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश बहुधा निरभ्र असते आणि दिवसा ऊन चांगले पडते; मात्र सूर्य डोंगराआड गेला की तापमान झपाट्याने उतरते. थिंपू सुमारे २,३०० मीटरवर, पारो त्याच्या किंचित खाली, पुनाखा सुमारे १,२०० मीटरवर आणि फोबजिखा सर्वांत उंच. पुनाख्याची हवा हिवाळ्यातही सौम्य असते, इतकी की देशाचा मध्यवर्ती भिक्षुसंघ आणि त्याचे प्रमुख (त्यांची पदवी ‘जे खेन्पो’) थंडीचे महिने थिंपू सोडून पुनाख्याच्या झोंगमध्ये, म्हणजे किल्लावजा मठात, काढतात. ही प्रथा कित्येक पिढ्यांची आहे. भिक्षूंनी जे शहाणपण दाखवले तेच प्रवाशाने दाखवावे: उंच खोऱ्यात जाण्यापूर्वी पुनाख्यात दोन रात्री काढाव्यात.

आठ रात्रींसाठी मी सुचवेन तो क्रम असा: थिंपू एक, पुनाखा दोन, फोबजिखा तीन, पारो दोन. फोबजिखाला एकच रात्र ठेवण्याचा मोह टाळावा. एका रात्रीत तुम्ही दुपारी पोहोचता, थंडीने गारठता आणि शरीर सरावण्याच्या आतच सकाळी सामान बांधता. म्हणजे खोऱ्याचा त्रास तेवढा पदरात पडतो आणि सुख मागे राहते.

तारखांविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १७ डिसेंबर हा भूतानचा राष्ट्रीय दिन आहे. १९०७ साली याच दिवशी पुनाख्यात उग्येन वांगचुक यांचा पहिले राजे म्हणून राज्याभिषेक झाला. त्या दिवशी सोहळे पाहण्यासारखे असतात, पण कार्यालये बंद असतात. २ जानेवारीला ‘न्यिलो’ म्हणजे हिवाळी अयनाची सुट्टी असते. कार्यालयात जाऊन करण्याचे कोणतेही काम या दोन दिवसांवर ठेवू नये. याउलट १३ डिसेंबरच्या सुमारास तिथे असाल तर थिंपू-पुनाखा वाटेवरील दोचुला खिंडीतील द्रुक वांग्येल त्शेचू हा उत्सव जरूर पाहावा.

२. कागदपत्रे: सर्वाधिक कुटुंबे इथेच अडकतात

भारतीय नागरिकाला भूतानसाठी व्हिसा लागत नाही, परंतु प्रवेश परवाना लागतो आणि त्यासाठी दोनच ओळखपत्रे प्रमाण मानली जातात: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालत नाही. हे वाक्य मी मुद्दाम सुटे लिहिले आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक कामाला आधार देण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की अनेक जण तेवढेच घेऊन सीमेपर्यंत येतात.

सोबत ठेवायची यादी अशी:

- प्रत्येक प्रौढाचा पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. मोबाइलमधील छायाचित्रावर विसंबू नये
- १८ वर्षांखालील मुलांसाठी पासपोर्ट, तो नसल्यास मूळ जन्मदाखला
- पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, प्रत्येकी चार
- सर्व मुक्कामांच्या आरक्षणाच्या छापील प्रती
- दिवसवार कार्यक्रम, ज्यात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे गाव लिहिलेले असेल
- प्रवास विम्याची प्रत
- या सर्वांच्या झेरॉक्सचे दोन संच, वेगवेगळ्या पिशव्यांत

आमची पहिली अडचण आईच्या नावावरून आली. तिच्या मतदार ओळखपत्रावर मधले नाव आणि आडनाव यांचा क्रम उलटा छापलेला होता, आणि विमानाचे तिकीट आम्ही आधारवरील नावाने काढले होते. निघायला आठ दिवस उरले असताना हे लक्षात आले. तिकिटावरील नाव दुरुस्त करून घेण्यात पैसेही गेले आणि तीन दिवसांची झोपही गेली. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी ज्या ओळखपत्रावर परवाना घेणार आहात ते समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. ज्येष्ठांच्या जुन्या मतदार कार्डांवर स्पेलिंगचे घोळ हमखास असतात; शक्य असेल तर त्यांच्यासाठी पासपोर्टच वापरावा.

परवान्याचा अर्ज आधी ऑनलाइन करता येतो आणि तोच मार्ग बरा. अर्ज करताना पुनाखा, वांगदी आणि फोबजिखा ही नावे कार्यक्रमात अवश्य घालून घ्यावीत. थिंपूहून पूर्वेकडे निघाल्यावर दोचुला खिंडीच्या अलीकडे होंगत्शो येथे तपासणी नाका आहे आणि तिथे परवाना पाहिल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. थिंपू आणि पारो या भागांपलीकडे जाताना परवानाधारक मार्गदर्शक सोबत असणेही आवश्यक असते, त्यामुळे त्याची व्यवस्था घरूनच करून निघावे.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी नातेवाइकांसोबत जाणार असाल तर एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन किंवा अन्य देशाचा पासपोर्ट आहे त्यांना, ओसीआय कार्ड असले तरी, भारतीयांची सवलत मिळत नाही. त्यांना व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यांचे शुल्कही निराळे असते.

३. खर्चाचा पाया: रात्रीगणिक शुल्क

भूतान प्रत्येक पाहुण्याकडून शाश्वत विकास शुल्क घेते. तिथे सगळे त्याला ‘एसडीएफ’ म्हणतात. भारतीयांसाठी ते माणशी एका रात्रीला १,२०० रुपये आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे आणि सहा वर्षांखालील मुलांना काहीच नाही. इतर देशांच्या नागरिकांना रात्रीला १०० डॉलर पडतात. तीन प्रौढ आणि आठ वर्षांची एक मुलगी असा आमचा हिशेब रोजचा ४,२०० रुपये, म्हणजे आठ रात्रींचे ३३,६०० रुपये झाला. हॉटेल, गाडी, मार्गदर्शक आणि झोंग व मठांची प्रवेश शुल्के याहून वेगळी. एखाद्या यात्रा कंपनीने आकडा सांगितला की त्यात एसडीएफ धरले आहे की नाही, हे पहिल्याच फोनवर विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

हे शुल्क जाचक वाटते, हे मी समजू शकतो. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात महाबळेश्वरच्या घाटात ज्यांनी चार-चार तास गाडीत बसून काढले आहेत, त्यांना फोबजिखाच्या रिकाम्या पायवाटेवर चालताना या पैशांचे मोल आपोआप कळेल.

भूतानी चलन ङुल्ट्रम याची किंमत भारतीय रुपयाइतकीच आहे आणि आपले रुपये बहुतेक ठिकाणी थेट घेतात. शंभराच्या नोटा भरपूर न्याव्यात. २०२१ पासून भूतानात भीम यूपीआय सुरू झाले आहे, परंतु फोबजिखातील दुकानात नेटवर्क असेलच असे नाही. खोऱ्यातील तीन दिवसांचा खर्च रोख जवळ असावा. पारो विमानतळावर किंवा सीमेवरील फुएंतशोलिंगला स्थानिक सिमकार्ड मिळते, ते घ्यावे. घड्याळ अर्धा तास पुढे करावे.

४. जायचे कसे

विमानाने जायचे तर द्रुकएअर आणि भूतान एअरलाइन्स या दोन कंपन्या पारोला जातात. दिल्ली आणि कोलकाता ही आपल्याला सोयीची ठिकाणे. दिल्लीहून जाताना डाव्या बाजूची खिडकी मागावी, आकाश स्वच्छ असेल तर हिमालयाची शिखरे बराच वेळ सोबत करतात. पारोच्या अरुंद दरीत वैमानिक डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून विमान उतरवतात, त्यामुळे उड्डाणे दिवसाउजेडीच होतात आणि हवामानामुळे वेळ मागेपुढे होऊ शकते. परतीच्या दिवशी दिल्लीहून मुंबई किंवा पुण्याचे विमान दोन तासांच्या अंतराने ठेवणे म्हणजे जुगार आहे. रात्रीचे किंवा दुसऱ्या दिवसाचे विमान घ्यावे.

रस्त्याने जायचे तर बागडोगरापर्यंत विमान किंवा न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वे, तिथून जयगावपर्यंत चार-पाच तासांची मोटार. कोलकात्याहून रेल्वेने येणाऱ्यांना हासिमारा हे सर्वांत जवळचे स्थानक आहे. सीमेपलीकडे फुएंतशोलिंग लागते आणि तिथून थिंपूला सुमारे पाच ते सहा तासांचा घाट. सीमेवर उशिरा पोहोचलात तर रात्र जयगावात काढून सकाळी प्रवेश घ्यावा, कारण घाट अंधारात चढण्यात काहीच हशील नाही. भारतीय नंबरच्या गाडीला भूतानात दररोज वेगळे शुल्क पडते. भूतानी गाडी आणि तिथलाच चालक घेणे मला अधिक योग्य वाटते. हिवाळ्यात तर निश्चितच, कारण रस्त्यावरील पातळ बर्फ त्याला दिसतो आणि आपल्याला दिसत नाही.

५. खोलीची निवड: सात प्रश्न

पहिल्या वर्षी आम्ही छायाचित्रे पाहून रिसॉर्ट निवडले. लाकडी नक्षीची मोठी खिडकी आणि खिडकीतून दिसणारे अख्खे खोरे. ती खिडकी उत्तरेकडे होती. खोलीत एकच लहान विजेचा हीटर होता आणि रात्री अकराला वीज गेली. पहाटे पलंगाशेजारच्या पेल्यातील पाण्यावर बर्फाची पापडी धरली होती. मुलीला आम्ही दोघांच्या मध्ये घेऊन, जॅकेटासकट, उजाडेपर्यंत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी दुसरी खोली देऊ केली, पण तोवर आईला खोकला लागला होता.

म्हणून आरक्षणापूर्वी हे विचारा:

- खोलीत उष्णतेची सोय कोणती आहे: बुखारी (लाकडावरची शेगडी), तापवलेली फरशी की विजेचा हीटर?
- बुखारी असल्यास लाकूड भाड्यात धरले आहे की टोपलीमागे पैसे?
- वीज गेली तर जनरेटर खोल्यांपर्यंत पोहोचतो की फक्त स्वागतकक्षापर्यंत?
- गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी?
- खिडकी कोणत्या दिशेला आहे आणि सकाळचे ऊन किती वाजता येते?
- इमारत खोऱ्याच्या तळाला आहे की उतारावर?
- रात्रीचे जेवण त्यातच आहे का? खोऱ्यात संध्याकाळी बाहेर जेवायला जाण्यासारखी जागा क्वचितच मिळते.

शेवटून दुसरा प्रश्न मी स्वतः दुसऱ्या हिवाळ्यात शिकलो. फोबजिखाचे खोरे हे हिमनदीने कोरलेल्या रुंद परातीसारखे आहे. रात्री थंड, जड हवा उतारावरून खाली सरकते आणि तळाशी साचते, त्यामुळे तळापेक्षा थोडे वर, पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड असलेले घर जाणवण्याइतके उबदार असते. आता मी आधी ऊन पाहतो आणि मग दृश्य.

बुखारी म्हणजे लोखंडी शेगडी. तिच्या धुराड्याची नळी छतातून बाहेर जाते. ती पेटली की खोली वीस मिनिटांत ऊबदार होते, पण लाकूड तीन-साडेतीन तासांत संपते. झोपण्यापूर्वी जाड ओंडका घालावा आणि पहाटेसाठी बारीक ढलप्या हाताशी ठेवाव्यात. इथे एक सावधगिरीची सूचना गांभीर्याने देतो: नळीच्या सांध्यातून धूर येत असेल, किंवा डोके जड होऊन मळमळू लागले, तर लगेच खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढावे. बंद खोलीत कोंडलेला विस्तवाचा वायू जिवावर बेततो. खिडकीची एक फट रात्रभर उघडी ठेवावी, आणि उघड्या कोळशाची शेगडी झोपण्याच्या खोलीत कधीही आणू नये.

रिसॉर्टऐवजी शेतकऱ्याच्या घरी राहण्याची सोयही खोऱ्यात आहे. स्वयंपाकघरातील बुखारीभोवती अख्खे घर जमते आणि पाहुण्यालाही तिथेच बसवतात. मुलीला ती घरे रिसॉर्टपेक्षा अधिक आवडली. मात्र स्वच्छतागृह खोलीला जोडलेले नसू शकते, म्हणून ज्येष्ठ सोबत असतील तर एक रात्र घरी आणि दोन रात्री रिसॉर्टमध्ये अशी विभागणी करावी.

६. सामान

एकच जाडजूड कोट नेण्याऐवजी थर न्यावेत: अंगालगत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जॅकेट. दुपारी उन्हात दोन थर उतरवावे लागतात आणि चारनंतर ते पुन्हा चढवावे लागतात. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांचे तीन जोड, खोलीत वापरायला जाड तळव्याच्या सपाता, प्रत्येकी एक गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि तळव्याला खाचा असलेले बूट. गॉगल विसरू नये. हवा इतकी कोरडी असते की दुसऱ्या दिवशीच ओठ आणि टाचा फुटतात. आईने नेलेले कोकमाचे तेल महागड्या मलमांपेक्षा उपयोगी पडले आणि आमच्या मार्गदर्शकानेही ते एक वडी मागून घेतले. मोबाइल रात्री पांघरुणात घ्यावा, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते. ड्रोन नेऊ नये; परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

औषधांत नेहमीच्या गोळ्यांसोबत उलटीवरील औषध हवे, कारण घाटरस्ते वळणावळणांचे आहेत. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी फोबजिखाच्या उंचीविषयी निघण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांना विचारावे. खोऱ्यात मोठे रुग्णालय नाही, त्यासाठी थिंपू गाठावे लागते. पहिल्या दिवशी हळू चालणे, पाणी भरपूर पिणे आणि मद्य टाळणे एवढे पथ्य पुरते. डोकेदुखी वाढतच गेली तर हट्ट न करता पुनाख्याला उतरावे.

७. पुनाख्याहून फोबजिखाकडे

थिंपूहून पुनाख्याला जाताना सुमारे ३,१०० मीटरवर दोचुला खिंड लागते. तिथले १०८ छोर्तेन, म्हणजे स्तूप, २००३ साली दक्षिण भूतानातील अतिरेक्यांविरुद्धच्या मोहिमेनंतर उभारलेले आहेत. स्वच्छ सकाळी त्यांच्यामागे बर्फाच्छादित शिखरांची रांग दिसते. पुनाख्याचा झोंग भूतान एकसंध करणारे झाबद्रुंग ङवांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर बांधला. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, टोपी काढून आत जावे. देवळांच्या गाभाऱ्यात छायाचित्रे घेऊ देत नाहीत. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवी.

महाराष्ट्रातील बौद्ध वाचकांसाठी एक सांगणे. विहारात बुद्धमूर्तीसमोर त्रिशरण म्हणण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना भूतानातील वज्रयान परंपरेतील उग्र देवता, लोण्याचे दिवे आणि बुद्धाच्या जोडीने पुजले जाणारे गुरू रिन्पोछे म्हणजेच पद्मसंभव हे प्रथम अपरिचित वाटतील. मार्गदर्शकाला मोकळेपणाने विचारावे. तिथली माणसे अशा प्रश्नांनी सुखावतात, आणि नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेविषयी त्यांनाही जाणून घ्यायचे असते.

पुनाख्याहून फोबजिखा अडीच ते तीन तासांवर आहे. शेवटच्या चढावर लावाला खिंडीत सावलीच्या वळणांवर पातळ बर्फ धरलेला असतो. न्याहारी करून, ऊन वर आल्यावर निघावे आणि चारच्या आत खोऱ्यात उतरावे. बर्फवृष्टी झाली तर रस्ता काही तास बंद राहू शकतो, म्हणून फोबजिखानंतर लगेच विमान ठेवू नये. माझ्या क्रमात पारोच्या दोन रात्री शेवटी आहेत त्या याचसाठी.

८. खोऱ्यातील तीन दिवस

इथे यायचे मुख्य कारण म्हणजे काळ्या मानेचे क्रौंच. तिबेटच्या पठारावरून ते ऑक्टोबरच्या अखेरीपासून येऊ लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परततात. भूतानच्या झोंग्खा भाषेत त्यांना ‘ठुंग ठुंग कार्मो’ म्हणतात. येताना आणि जाताना ते गांगते मठाभोवती तीन प्रदक्षिणा घालतात, अशी खोऱ्यातील लोकांची श्रद्धा आहे. या पक्ष्यांना तारांचा धोका होऊ नये म्हणून खोऱ्यातील विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. त्यामुळेच छायाचित्रात एकही खांब येत नाही.

क्रौंच रात्री दलदलीतील उथळ पाण्यात उभे राहतात, कारण तिथे कोल्ह्या-बिबट्यांना चाहूल न देता येणे कठीण जाते. सकाळी ते थवे करून शेतांकडे निघतात आणि सूर्यास्ताला पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणून पाहण्याच्या वेळा दोनच: पहाट आणि सांज. पहिल्या संध्याकाळी आम्ही क्रौंच माहिती केंद्राजवळ उभे होतो. आधी काही दिसले नाही, फक्त दूर कुठेतरी बिगूल वाजल्यासारखा आवाज आला. मग डोंगराच्या काळ्या कडेवरून सात पक्षी ओळीने पुढे आले, पाय मागे ताणलेले, आणि दलदलीवर येताच त्यांनी पंख न हलवता स्वतःला खाली सोडून दिले. पाठोपाठ दुसरी ओळ आली, मग तिसरी. मुलीने एकविसापर्यंत मोजले आणि मग मोजणे सोडून दिले.

दलदलीत पाऊल टाकू नये, ओरडू नये, पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी रेटू नये. दुर्बीण घरूनच न्यावी. केंद्रातही दुर्बिणीची सोय आहे, पण तिथे गर्दी होते.

दुसऱ्या दिवशी गांगते मठापासून सुरू होणारी पायवाट चालावी. पाइनच्या झाडीतून आणि शेतांतून ती खाली खोऱ्यात उतरते, दीड-दोन तास लागतात आणि चढ नगण्य असल्याने आईलाही ती सहज जमली. मठ सतराव्या शतकातील असून तिबेटी बौद्ध धर्मातील न्यिंगमा परंपरेचा आहे. दुपारी दगडांचे गरम स्नान घ्यावे, त्याला ‘दोत्शो’ म्हणतात. नदीतील गोटे विस्तवात लाल होईपर्यंत तापवतात आणि लाकडी टाकीच्या जाळीआड सोडतात. प्रत्येक गोट्यासरशी चर्र आवाज होऊन पाणी उसळते आणि त्यात घातलेल्या दवण्यासारख्या पाल्याचा वास खोलीभर पसरतो. पाणी तापायला दोन-तीन तास लागतात, म्हणून सकाळीच सांगून ठेवावे. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ते टाळावे.

तिसरा दिवस मोकळा ठेवा. यात्रा कंपन्या तो भरून देऊ पाहतात, आपण ठाम राहावे. उन्हात बसणे, संत्री सोलणे आणि पुन्हा सांजवेळी दलदलीकडे जाणे यात तो दिवस सहज सरतो.

९. जेवण

भूतानात मिरची ही चव आणण्यासाठी नाही, तर भाजी म्हणून खातात. एमा दात्शी म्हणजे मिरच्या आणि चीज यांची भाजी, आणि ती कोल्हापूरकरांच्याही डोळ्यांत पाणी आणते. मुलांसाठी बटाट्याची केवा दात्शी कमी तिखट मागवावी. शाकाहारी मंडळींनी पदार्थाच्या नावातील ‘शा’ हा शब्द ओळखावा, त्याचा अर्थ मांस. फाक्शा, नोर्शा, शाकाम हे सगळे मांसाचे. शमू दात्शी मात्र अळंब्यांची असते, तिच्या नावावरून दचकू नये. भाजीत सुक्या मांसाचा तुकडा घालण्याची पद्धत काही घरांत आहे, म्हणून ‘मांस नको, मांसाचा रस्साही नको’ असे दोन वेगळ्या वाक्यांत सांगावे. तांबड्या भातावर मेतकूट आणि तूप फार छान लागते. मेतकुटाची पुडी आणि थालीपिठाची भाजणी सामानात असू द्यावी. भाजणी आम्ही स्वयंपाकघरात दिली, तेव्हा तिथल्या बाईंनी ती बुखारीवरच्या तव्यावर स्वतः थापली.

नमस्कारासाठी ‘कुझुझांगपो ला’ आणि आभारासाठी ‘कादिन्चे ला’ एवढे दोन शब्दप्रयोग मुलांना शिकवून ठेवावेत. शेवटचे ‘ला’ आदराचे आहे, ते गाळू नये.

१०. परतीचा टप्पा: पारो आणि ताक्त्सांग

ताक्त्सांगचा मठ, म्हणजे ‘वाघिणीचे घरटे’, सहलीच्या आरंभी न ठेवता शेवटी ठेवावा. तोवर फुप्फुसे उंचीला सरावलेली असतात. १६९२ मध्ये बांधलेला हा मठ सुमारे ३,१२० मीटरवर कड्याला चिकटून उभा आहे. १९९८ च्या आगीनंतर तो पुन्हा बांधला गेला. चढायला दोन ते तीन तास लागतात. सकाळी आठपर्यंत पायथा सोडावा. घोडा अर्ध्या वाटेवरील उपाहारगृहापर्यंतच जातो आणि उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत, हे ज्येष्ठांना आधीच सांगावे. उपाहारगृहाच्या अंगणातूनही मठ समोर दिसतो. आई तिथेच थांबली आणि आम्ही परत येईपर्यंत तिने तीन कप चहा आणि शेजारच्या बाकावरील जपानी आजींशी खुणांनी केलेल्या गप्पा संपवल्या होत्या. सावलीतील पायऱ्यांवर डिसेंबरात दव गोठलेले असते, त्यामुळे काठी पायथ्यालाच भाड्याने घ्यावी.

निघताना परवान्याची प्रत आणि ओळखपत्र हातातील पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. विमानतळावर असो वा फुएंतशोलिंगच्या नाक्यावर, बाहेर पडल्याची नोंद झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. रस्त्याने आलेली मंडळी घाईघाईत जयगावच्या गर्दीत शिरतात आणि ही नोंद राहून जाते, मग पुढच्या वेळी परवाना मागताना जुना मुक्काम अजून उघडाच असल्याचे निघते. उरलेले ङुल्ट्रम सीमेच्या अलीकडेच रुपयांत बदलून घ्यावेत. जयगावच्या बाजारात ते चालतात, पण बागडोगऱ्याला पोहोचल्यावर कोणी घेत नाही.